भावफलकावरचे ‘&#2325;’ : एस्केपिंग का बंद झाले आणि परत कसे आणावे

रावेर-यावल पट्ट्यातली एक केळी विक्री संस्था. तिच्या संकेतस्थळावर रोज सकाळी नवती आणि वापसी मालाचे भाव लागतात. शेतकरी मोबाइलवरून माल नोंदवतात, व्यापारी फर्मचे नाव आणि गाडीची माहिती भरतात, आणि कार्यालयातला कारकून प्रशासन पानावर या नोंदी पाहून कापणीचा क्रम लावतो. ही संस्था नमुन्यादाखल उभी केली आहे, कोणा एका खऱ्या संस्थेची ही हकीकत नाही. खाली आलेले एस्केपिंगचे दोष (एस्केपिंग म्हणजे ‘<’ सारखी चिन्हे ब्राउझरने आज्ञा समजू नयेत म्हणून त्यांच्या जागी सांकेतिक खुणा घालणे) मात्र खरे आहेत आणि कोणालाही ते आपल्या संगणकावर तासाभरात करून बघता येतील.

हे संकेतस्थळ दोनदा बांधले गेले. आधी पीएचपीत, पानाचा अक्षरसंच आयएसओ-८८५९-१ ठेवून. नंतर फ्लास्क आणि जिंजा-२ ही पायथनची साधने वापरून (पान रंगवण्याचे काम जिंजाचे), सर्व लिप्या बसणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये. डेटाबेस तोच जुना राहिला. पुढचे सगळे दुखणे या जोडातून निघाले.

लक्षण अगदी साधे होते. बऱ्हाणपूरकडच्या एका व्यापाऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत ‘सरासरी १८ किलोपेक्षा कमी घड नको’ अशा अर्थाचे काही लिहिले आणि ‘पेक्षा कमी’ साठी ‘<’ हे चिन्ह टाकून त्याला चिकटूनच पुढचा शब्द लिहिला. प्रशासन पानावरच्या यादीत त्या चिन्हापासून पुढचा शेरा दिसेना. तक्ता सरळ, रकाने जागच्या जागी, फक्त मजकूर गायब. त्याच नोंदीचे दुरुस्तीचे पान उघडले की शेरा पूर्ण दिसे. कारकुनाने हे ‘कधीकधी होते’ म्हणून सोडून दिले असते तर पुढचे काहीच कळले नसते.

एकच मजकूर एका पानावर पूर्ण आणि दुसऱ्यावर तुटका दिसतो, याचा अर्थ डेटा शाबूत आहे आणि बिघाड पान रंगवताना होतो आहे. दुरुस्तीच्या पानावर जिंजा आपले काम करत होते: ‘<’ च्या जागी त्याची सांकेतिक खूण जात होती आणि ब्राउझर तिला निव्वळ अक्षर म्हणून दाखवत होता. यादीच्या पानावर त्या रकान्याला ‘सेफ’ फिल्टर लावलेला होता. म्हणजे ‘हा मजकूर सुरक्षित आहे, हात लावू नकोस’ असे जिंजाला सांगितलेले होते. मग ‘<’ जसाच्या तसा ब्राउझरकडे गेला, त्याला लागून इंग्रजी अक्षर आले, आणि ब्राउझरने नवा टॅग (‘<’ आणि ‘>’ मधली एचटीएमएलची, म्हणजे पानाच्या भाषेची, खूण) सुरू झाला असे मानून पुढच्या ‘>’ पर्यंतचे सगळे गिळले. तो ‘>’ रकाना बंद करणाऱ्या टॅगचाच होता. तक्ता तरीही मोडला नाही, कारण पुढचा रकाना उघडला की ब्राउझर आधीचा आपोआप बंद करतो.

आता प्रश्न असा, की संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी चाचणी झाली नव्हती का? झाली होती. तपासणाऱ्याने शेऱ्यात ‘<चाचणी>’ असे लिहून पाहिले आणि यादीत ते जसेच्या तसे दिसले. त्यावरून एस्केपिंग चालू आहे असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा होता, आणि ही चूक मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे ‘<’ च्या लगेच पुढे इंग्रजी अक्षर आले तरच टॅग सुरू होतो. (तिरकी रेघ, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांचे अर्थ वेगळे.) पुढे देवनागरी अक्षर किंवा अंक आला तर ब्राउझर ते ‘<’ साधे चिन्ह म्हणून दाखवतो, एस्केपिंग असो वा नसो. मराठी मजकुराने केलेली ही चाचणी नेहमीच उत्तीर्ण होते. म्हणून चाचणीच्या मजकुरात इंग्रजी अक्षराचा टॅग हवाच. ठळक अक्षरांचा एका अक्षरी टॅग पुरतो. यादीत अक्षरे जाड झाली की समजायचे, दार उघडे आहे.

‘सेफ’ कोणी आणि का लावला

याचे उत्तर आळस किंवा अज्ञान नाही. जुन्या पानाच्या आयएसओ-८८५९-१ अक्षरसंचात देवनागरी बसतच नव्हती. अशा पानावरचा अर्ज भरून पाठवला की न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी ब्राउझर त्याचा युनिकोड क्रमांक पाठवतो. ‘क’ चे होते ‘&#2325;’. ‘केळी’ हा शब्द डेटाबेसमध्ये ‘&#2325;&#2375;&#2355;&#2368;’ असा २८ चिन्हांचा होऊन बसतो. जुने पीएचपी पान हा मजकूर एस्केप न करता छापत असे, ब्राउझर क्रमांकांची परत अक्षरे करत असे, आणि वर्षानुवर्षे सगळे ठीक दिसत होते. फक्त डेटाबेसमध्ये थेट ‘रावेर’ शोधले की एकही नोंद सापडत नसे, कारण तिथे ‘रावेर’ हा शब्द मुळी नव्हताच. तेव्हा त्याचे कारण शोधले असते तर पुढचे टळले असते.

नवे जिंजा पान सुरू झाले आणि आपोआप एस्केपिंगमुळे ‘&’ चीही खूण झाली. शेतकऱ्यांच्या गावांच्या जागी फलकावर आकड्यांच्या माळा लागल्या. सकाळी आठला फोन सुरू झाले. प्रोग्रामरने ‘सेफ’ लावला, गावे दिसू लागली, फोन थांबले.

फर्मच्या नावाच्या रकान्याचे दुखणे वेगळे होते. ते नाव इंग्रजीत भरायचा नियम होता आणि जुना कोड ते साठवतानाच पीएचपीच्या एस्केप फंक्शनमधून काढत असे. नावातल्या ‘&’ ची खूणच डेटाबेसमध्ये गेली होती. नव्या पानाने तिला पुन्हा एस्केप केले आणि फर्मच्या नावात कचरा दिसू लागला. तिथेही ‘सेफ’ लागला. शिवाय पीएचपी ८.१ च्या आधी त्या फंक्शनच्या मूळ सेटिंगमध्ये एकेरी अवतरणचिन्ह एस्केप होतच नसे; २०२१ मध्ये ते बदलले. म्हणजे ‘आधीच एस्केप केलेला आहे’ असा ज्याच्यावर भरवसा ठेवला, तो मजकूर अर्धवटच एस्केप झालेला होता.

दोन्ही ठिकाणी बिघाड डेटात होता आणि औषध टेम्प्लेटला, म्हणजे पानाच्या साच्याला, लावले गेले.

यातून काय होऊ शकते

माल नोंदणीचा अर्ज कोणीही भरू शकतो. शेऱ्यात कोणी चित्राचा टॅग टाकला, चित्राचा पत्ता मुद्दाम खोटा दिला आणि ‘चित्र न मिळाल्यास हे चालव’ या घटनेला स्क्रिप्ट (ब्राउझरने चालवायच्या जावास्क्रिप्ट आज्ञा) जोडली, तर कारकुनाने सकाळी यादी उघडताच ती स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या अधिकारांनिशी चालते. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हे नाव २००० साली मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यांनी दिले आणि ते थोडे फसवे आहे. यात दुसरी साइट असावीच लागत नाही. आपल्याच पानात दुसऱ्याची आज्ञा घुसते आणि ब्राउझर तिला आपलीच समजतो.

कुकीला (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनच्या खुणेला) ‘एचटीटीपी-ओन्ली’ लावले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. स्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, पण तिची गरजही नसते. ती त्याच पानावर उभी असते; भाव बदलण्याचा अर्ज ती गुपचूप मागवते, त्यातले सीएसआरएफ टोकन (अर्ज आपल्याच पानावरून आल्याची गुप्त खूण) वाचते आणि अर्ज भरून पाठवते. सर्व्हरच्या नोंदीत भाव कारकुनानेच बदलल्याचे दिसते. क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक म्हणजे १० टनांच्या एका गाडीला १०,००० रुपये. फलकावरचा आकडा पाहून शेतकरी माल कापायचा की थांबायचा ते ठरवतो, आणि कापलेला घड परत झाडाला लागत नाही. ही स्क्रिप्ट एकाच नोंदीपुरती राहील असेही नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सामाजिक संकेतस्थळावर एका स्क्रिप्टने स्वतःच्या प्रती काढत दिवसभराच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइल गाठल्या होत्या.

‘सेफ’ काढल्यावरही उरणारे धोके

इथे बहुतेक दुरुस्त्या फसतात. आपोआप एस्केपिंग पाच चिन्हांची काळजी घेते: ‘&’, ‘<’, ‘>’, दुहेरी आणि एकेरी अवतरणचिन्ह. टॅगांच्या मधला मजकूर आणि अवतरणांतले अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतली ‘नाव=किंमत’ ही जोडी) यांना एवढे पुरते. मजकूर दुसऱ्या जागी पडला की तीच पाच चिन्हे कमी पडतात.

गावाच्या रकान्यात अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीभोवती अवतरणचिन्हे घातलेली नव्हती. ‘सावदा’ किंवा ‘फैजपूर’ नीट दिसे, पण ‘खिरोदा प्र. यावल’ लिहिले की खोक्यात फक्त ‘खिरोदा’ उरे. अवतरणे नसताना मोकळ्या जागेशी किंमत संपते, ‘प्र.’ आणि ‘यावल’ ही ब्राउझरच्या लेखी दोन नवी अ‍ॅट्रिब्यूट झाली. गावाच्या नावाऐवजी कोणी फोकसची घटना आणि तिच्यापुढे स्क्रिप्ट लिहिली तर तीही तशीच अ‍ॅट्रिब्यूट होते, आणि त्यासाठी त्या पाचांपैकी एकही चिन्ह लागत नाही. जिंजा मोकळी जागा आणि ‘=’ यांना हात लावत नाही. हँडलबार्स या टेम्प्लेट लायब्ररीने ४.० आवृत्तीत, २०१५ साली, ‘=’ एस्केप करायला सुरुवात केली ती नेमकी याच कारणाने. पण खरा उपाय टेम्प्लेटमध्येच आहे: प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटला अवतरणे, अपवाद नाही.

नोंदीच्या ओळीवर ‘दाखवा’ बटण होते आणि त्याच्या क्लिकच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये शेतकऱ्याचे नाव एकेरी अवतरणांत थेट घातलेले होते. जिंजा एकेरी अवतरणाचे ‘&#39;’ करते, म्हणून हे सुरक्षित वाटते. पण ब्राउझर आधी अ‍ॅट्रिब्यूटमधल्या खुणा सोडवतो आणि मग उरलेला मजकूर जावास्क्रिप्टकडे देतो. जावास्क्रिप्टपर्यंत पोचेतो ‘&#39;’ चे पुन्हा अवतरणचिन्ह झालेले असते आणि नावाच्या आड लपलेली आज्ञा मोकळी होते. अशा जागी कोणताही एचटीएमएल एस्केप उपयोगाचा नाही. नाव डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवावे आणि क्लिकची घटना वेगळ्या जावास्क्रिप्ट फाइलीतून जोडावी.

स्क्रिप्ट टॅगच्या आत याच्या उलट घडते. तिथे ब्राउझर खुणा सोडवतच नाही. आलेखासाठी गावाचे नाव पानातच जावास्क्रिप्टच्या चलात घातले होते; नावात ‘&’ असला की आलेखाखाली खूण तशीच उमटे, म्हणून तिथेही ‘सेफ’ आलेला होता. एस्केप न केलेल्या मजकुरात स्क्रिप्टचा बंद टॅग आला तर तो अवतरणांच्या आत असला तरी स्क्रिप्ट तिथेच संपते आणि पुढचे सगळे नवे एचटीएमएल ठरते. इथे ‘टूजेसन’ फिल्टर वापरावा. तो ‘<’, ‘>’, ‘&’ आणि एकेरी अवतरण यांना युनिकोड क्रमांकाच्या रूपात लिहितो; जावास्क्रिप्टला तो बरोबर वाचता येतो आणि एचटीएमएलला त्यात काही दिसत नाही. एक सूचना: तोच फिल्टर दुहेरी अवतरणांच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये वापरू नये, कारण दुहेरी अवतरण तो एस्केप करत नाही. तिथे एकेरी अवतरणे घ्यावीत किंवा पुढे ‘फोर्सएस्केप’ जोडावा.

व्यापाऱ्याच्या ‘गोदामाचा नकाशा’ या दुव्यात एस्केपिंग पूर्ण चालू होते, अवतरणेही होती, तरी भोक होतेच. पत्त्याच्या सुरुवातीला ‘जावास्क्रिप्ट:’ हा उपसर्ग इंग्रजीत लिहिला की दुवा दाबताच आज्ञा चालते, आणि त्यात एस्केप करण्याजोगे चिन्हच नसते. ‘या शब्दाने सुरू होत असेल तर नाकारा’ ही तपासणीही हुलकावणीला बळी पडते, कारण ब्राउझर मधले टॅब आणि ओळतोड वगळून पत्ता वाचतो. पत्ता पार्स करून तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आहे याची खात्री झाली तरच साठवावा.

पट्टी छापण्याचे टेम्प्लेट सर्वांत अनपेक्षित निघाले. फ्लास्क आपोआप एस्केपिंग फाइलीच्या शेपटावरून ठरवतो: एचटीएमएल, एचटीएम, एक्सएमएल, एक्सएचटीएमएल, आणि २.२ आवृत्तीपासून एसव्हीजी. पट्टीच्या फाइलीला एचटीएमएलच्या पुढे आणखी ‘जे-२’ असे शेपूट जोडलेले होते, एडिटरमध्ये रंग नीट दिसावेत म्हणून. त्या फाइलीत एकही ‘सेफ’ नव्हता आणि एस्केपिंगही नव्हते. फाइलीचे नाव बदलताच दोष गेला. आणि फ्लास्कशिवाय नुसते जिंजा वापरणाऱ्यांसाठी: तिथे एस्केपिंग मुळातच बंद असते, एन्व्हायर्नमेंट तयार करताना ते चालू करावे लागते.

पायथनच्या बाजूला ‘मार्कअप’ वर्गाचा (यात गुंडाळलेला मजकूर जिंजा सुरक्षित मानते) वापर तपासताना एक फरक बघावा. आधी मार्कअप तयार करून मग त्याच्या ‘फॉरमॅट’ने किंमत भरली तर किंमत एस्केप होते. एफ-स्ट्रिंगने आधी जोडून मग सगळे मार्कअपमध्ये गुंडाळले तर होत नाही. कोडमध्ये दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या दिसतात.

लायब्ररीतही चुका निघतात. जिंजाच्या ‘एक्सएमएलअॅटर’ फिल्टरमध्ये अ‍ॅट्रिब्यूटच्या नावात मोकळी जागा चालत असे, म्हणून नाव वापरकर्त्याकडून येत असेल तर नवे अ‍ॅट्रिब्यूट घुसवता येई (सुरक्षा दोषांच्या यादीत सीव्हीई-२०२४-२२१९५). ३.१.३ मध्ये ते बुजवले, पण ‘/’, ‘>’ आणि ‘=’ राहून गेले; ते ३.१.४ मध्ये, मे २०२४ ला, बंद झाले. भोवतालची जागा ओळखून एस्केप करणारे गो या भाषेचे एचटीएमएल टेम्प्लेट पॅकेज या कामात फार पुढे आहे, आणि नवीन बांधणीत शक्य असेल तर तशीच लायब्ररी निवडावी. तरी त्यालाही जावास्क्रिप्टचे उलटे अवतरण (बॅकटिक) ओळखता येत नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये १.२०.३ आणि १.१९.८ या आवृत्त्यांनी ते सुधारले.

दोन लायब्रऱ्या, एकच खूण, उलटे अर्थ

मोबाइलवरची भावपट्टी ब्राउझरमध्येच अंडरस्कोरच्या टेम्प्लेटने बनत होती आणि व्यापाऱ्यांचे पान सर्व्हरवर ईजेएसने. अंडरस्कोरमध्ये ‘<%=’ म्हणजे मजकूर जसाच्या तसा आणि ‘<%-’ म्हणजे एस्केप करून. ईजेएसमध्ये नेमके उलट: ‘<%=’ एस्केप करते, ‘<%-’ करत नाही. फर्मच्या नावाची ओळ एका फाइलीतून दुसरीत चिकटवली गेली, पान व्यवस्थित चालले आणि एस्केपिंग गेले. कोडचा आढावा घेणाऱ्याच्या डोळ्यांना ही चूक दिसणे जवळजवळ अशक्य आहे. इथे शिस्तीवर विसंबू नये. दोहोंपैकी एकच लायब्ररी ठेवावी. भावपट्टीतले आकडे आणि नावे टेम्प्लेटऐवजी, मजकूर निव्वळ अक्षरे म्हणून घालणाऱ्या ‘टेक्स्टकंटेंट’ने घातली तर प्रश्नच उरत नाही. मजकूर एचटीएमएल म्हणून घालणाऱ्या ‘इनरएचटीएमएल’ने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरे, पण चित्राची घटना चालते, म्हणून तेवढ्या माहितीवर धीर धरू नये.

शेऱ्यात ठराविक अक्षरेच चालतील असा नियम करण्याचा मोह होतो. तो इथे लावू नये. शेरे कोणी लेवा बोलीत लिहितो, कोणी अहिराणीत, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजी अक्षरांत. ‘<’ लिहिणाऱ्या व्यापाऱ्याचे काही चुकले नव्हते. लिहिलेले तसेच साठवावे आणि दाखवताना, त्या त्या जागेला साजेसे, एकदाच एस्केप करावे.

दुरुस्तीचा क्रम

क्रम चुकला तर एकतर फलकावर पुन्हा आकडे लागतात किंवा दार काही तास अधिकच उघडे राहते. आधी डेटाबेसची पूर्ण प्रत. मग शोध: ‘<’ च्या पुढे इंग्रजी अक्षर असलेल्या, घटनांची नावे असलेल्या आणि ‘जावास्क्रिप्ट:’ उपसर्ग असलेल्या सर्व नोंदी; शिवाय हीच चिन्हे क्रमांकाच्या रूपात, जसे ‘&#60;’. या नमुन्यात व्यापाऱ्याचा एक शेरा सोडून काही सापडत नाही. सापडले, आणि ते चालल्याची खूण दिसली, तर पुसू नये. नोंद, वेळ आणि सर्व्हरचे लॉग वेगळे जपावेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.

नंतर रूपांतराची स्क्रिप्ट प्रतीवर चालवून पाहायची. तक्ते यूटीएफ-८-एमबी-४ वर नेऊन, क्रमांक २३०४ ते २४३१ या देवनागरी पट्ट्यातले, जोडीला ८२०४ आणि ८२०५ ही न दिसणारी जोडचिन्हे (‘अ‍ॅ’ लिहिताना ८२०५ येतो) आणि रुपयाच्या चिन्हाचा ८३७७, एवढेच क्रमांक अक्षरांत बदलायचे. ‘&#60;’ सारखे काही आपोआप सोडवू नये; ते माणसाने पाहावे. फर्मच्या नावांतल्या खुणा वेगळ्या फेरीत सोडवायच्या, ‘&’ ची खूण सगळ्यांत शेवटी. ती आधी सोडवली तर कोणीतरी अक्षरशः लिहिलेली खूण दुसऱ्यांदा उलगडून खरा ‘<’ होते. ही फेरी एकदाच आणि फक्त जुन्या संकेतस्थळावरून आलेल्या नोंदींवर.

खरी फेरी रात्री, संकेतस्थळ बंद ठेवून: रूपांतर आणि ‘सेफ’ काढलेली टेम्प्लेटे एकाच वेळी. त्यानंतर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणारे नियम) आधी फक्त नोंद घेण्याच्या अवस्थेत लावावी. पानात थेट लिहिलेली प्रत्येक क्लिकची घटना आणि स्क्रिप्ट ती दाखवून देते. ते सगळे बाहेरच्या फाइलीत गेले, उरलेल्या स्क्रिप्टला दर वेळी नवा नॉन्स (एकदाच वापरायचा परवलीचा शब्द) मिळू लागला, की पॉलिसी सक्तीची करायची. एखादा ‘सेफ’ पुढे कोणी परत लावलाच तर ही दुसरी भिंत असते. नव्या आवृत्तीआधी सर्व टेम्प्लेटांत ‘सेफ’, ‘मार्कअप’ आणि ‘<%-’ यांचा शोध आपोआप घ्यावा आणि नवा सापडला तर बांधणी थांबवावी.

रूपांतरानंतर एक जुने नुकसान उघडे पडते. क्रमांकाच्या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह ७ जागा खात होते. गाव-तालुक्याचा रकाना १०० जागांचा, म्हणजे फार तर १४ देवनागरी चिन्हांचा. ‘खिरोदा प्र. यावल, ता. रावेर’ लिहिले की स्वल्पविरामापुढच्या मोकळ्या जागेपर्यंत ९६ जागा संपत; ‘त’ च्या ‘&#2340;’ मधले ‘&#23’ एवढेच उरलेल्या चारांत मावे आणि बाकी मायएसक्यूएल हा डेटाबेस, सक्तीची अवस्था बंद असल्याने, न सांगता कापून टाके. उरलेल्या ‘&#23’ चे जुने पान एक न दिसणारे नियंत्रणचिन्ह करत असे, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. आता ते फलकावर अक्षरशः दिसते. अशा नोंदी ‘&#’ शोधून वेगळ्या काढता येतात. तालुका गावांच्या यादीवरून भरता येतो. शेतकऱ्यांची कापली गेलेली आडनावे मात्र डेटाबेसमध्ये कुठेच नाहीत. ती कार्यालयातल्या कागदी काटापट्ट्यांवरून हातानेच भरावी लागतात.